आज कितवी फरशी?

गुरुजी,

गेल्या गुरुवारी शेवटच्या तासाला नववीतल्या एका मुलीनं मला साधा प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. काय विचारलं आणि मी काय सांगितलं, ते लिहायलाच बसले आहे, पण एकदम तिथं पोचता येणार नाही. तुम्हीच म्हणायचात, या पोरीला तांब्याभर पाणी मागायचं असलं तरी ती विहीर खणण्यापासून सुरुवात करते. तसंच समजा. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली, तुम्हाला कुठं घाई असणार नाही, आणि माझा आज रविवार आहे. घरातले सगळे नळदुर्गला लग्नाला गेलेत. मी गुडघा दुखतोय म्हणून मागं राहिले. गुडघा खरंच दुखतोय, पण लग्नाला जाता येणार नाही इतका नाही.

मी तुमच्याच पेशात आले हे तुमच्या कानावर गेलं होतं की नाही, मला माहीत नाही. अणदूरपासून जवळच्या एका गावात हायस्कूलला मराठी आणि इतिहास शिकवते. शाळेच्या मागूनच हायवे जातो, दिवसभर ट्रकांचा आवाज असतो, त्यामुळं माझाही आवाज वाढलाय. चांगली शिक्षिका म्हणून थोडं नाव आहे आणि कडक म्हणून जरा जास्तच. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी मला धाराशिवला प्रशिक्षणाला पाठवलं. धाराशिव म्हणजे तुमच्या वेळचं उस्मानाबाद, मलाही सवय व्हायला वेळ लागला. विषय होता शाळेतल्या मुलामुलींच्या मनाचं आरोग्य. मूल आजारी पडल्यावर काय करायचं ते नव्हे, पडूच नये म्हणून शाळेनं आधीपासून काय करायचं ते. आठवड्यातून एक तास घ्यायचा, आणि त्यात पोरांशी भीती, राग, घरची भांडणं, परीक्षा, मोबाईल असल्या गोष्टींवर बोलायचं. मलाच का पाठवताय म्हणून विचारलं तर मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘बाई, तुमचा आवाज मोठा आहे.’’ मनाच्या आरोग्याला मोठा आवाज कशाला लागतो ते त्यांनाच ठाऊक.

प्रशिक्षण देणारी मुलगी माझ्या थोरल्या लेकीहून चारपाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, मुलं बोलतील तेव्हा फक्त ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. समोर चाळीस शिक्षक. चहाच्या सुट्टीपर्यंत आमच्यातल्या तिघांनी तिलाच सल्ले देऊन झाले होते, त्यातली एक मी. खुर्च्या गोलात मांडण्यापेक्षा दाराकडं तोंड करून मांड, वारा लागेल, असं मी तिला सुचवलं. मी स्वतः दाराजवळची खुर्ची आधीच धरली होती. मग तिनं प्रत्येकाला लहानपणची एक भीती सांगायला लावली. कुणी कुत्रा सांगितला, कुणी आत्याच्या गावची विहीर. मी गणित सांगितलं. सगळे हसले, मीही हसले, आणि पाळी पुढच्या माणसावर गेली.

परत आल्यावर तास सुरू केला. दर गुरुवारी, शेवटचा. सोबत एक तक्ता दिला होता, त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे. आज तुमचा चेहरा कोणता, ते बोट ठेवून दाखवायचं. अख्खा वर्ग हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून मोकळा व्हायचा. रडक्यावर ठेवलं की बाई विचारणार का, आणि मागच्या बाकावरची पोरं वर्षभर त्याच नावानं हाक मारणार, हे न कळण्याइतकी ती खुळी थोडीच आहेत. म्हणून मी एक पेटी केली. बुटाच्या खोक्याला कागद चिकटवला, वर फट ठेवली. नाव घालू नका, मनात असेल ते लिहा आणि टाका. सुरुवातीला आलं ते असं, की गणिताचे सर लई ओरडतात, मुलींच्या मुतारीला दार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, ही तर तक्रारपेटी झाली. पण मी मागं लागून मुतारीला दार बसवून घेतलं आणि दार बसल्यावर चिठ्ठ्यांची जातच बदलली. आपलं कुणीतरी वाचतंय हे पोरांना कळलं. एकानं लिहिलं, सगळे मला जाड्या म्हणतात, मी हसतो पण मला हसू येत नाही. एकीनं लिहिलं, पप्पा घरी असले की घरी जावं वाटत नाही. कुणाची ते कळणार नाही अशा बेतानं मी त्यातली एखादी गोष्ट गुरुवारी बोलायला घ्यायची, आणि हळूहळू तासाला रंग चढायला लागला.

मग एक चिठ्ठी आली. ‘तास सुरू झाला की छाती दाटते. फळा दिसतो पण वाचता येत नाही. घरी सांगितलं तर घाबरतील. बाई, हे कुणाला सांगू नका.’

गुरुजी, बावीस वर्षं वह्या तपासणाऱ्या माणसापुढं निनावी चिठ्ठी ठेवली तरी ती निनावी राहत नाही. अक्षर बघताक्षणी मला कळलं, ही कुणाची. नववीत पहिली येणारी मुलगी. रेघेवर बसवलेलं, मोत्यासारखं अक्षर, मीच त्या अक्षराचं वर्गात दहादा कौतुक केलेलं. मला काळजी वाटली, ती खरीच होती. पण काळजीच्या आधी क्षणभर मला अभिमान वाटला, की बघा, कशी अचूक ओळखली. मधल्या सुट्टीत मी तिला स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं. बाकीचे शिक्षक डबे उघडून बसले होते. मी आपली आवाज खाली आणून बोलत होते, पण माझा खालचा आवाज म्हणजे दुसऱ्याचा वरचाच. ‘‘ही तू लिहिलीस ना?’’ ती म्हणाली, ‘‘म्या न्हाय लिव्हली, बाई.’’ मी हसून म्हणाले, ‘‘अगं, तुझं अक्षर मला कळत नाही का?’’ पलीकडून गणिताचे सर घास चावत म्हणाले, ‘‘काय गं, पहिला नंबर काढतीस, तुला काय धाड भरलीय?’’ ती माझ्याकडं बघत नव्हती. टेबलावर उलगडून ठेवलेल्या त्या चिठ्ठीकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्याही नाही. आणि पुढच्या गुरुवारी पेटी उघडली तर आत चॉकलेटचा एक कागद होता, बाकी काही नाही. पोरांनी मला काहीही न बोलता सगळं सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी रिकामी पेटी घेऊन वर्गात उभी होते आणि तुमचा ओरडा आठवला. तुम्ही मला आयुष्यात एकदाच रागावलात. भूकंपानंतरचे दिवस. शेजारचा पोरगा, तेरा वर्षांचा घोडा, आईच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचा. मी ते बघितलं होतं आणि वर्गात सगळ्यांना सांगून हसवलं होतं. तुम्ही मला बाजूला घेतलं. ‘‘त्यानं सांगितलं तुला?’’ ‘‘न्हाय गुरुजी, म्या बघितलं.’’ ‘‘बघितलं म्हणून ते तुझं झालं व्हय? ज्याचं हाय त्यानं सांगायचं. तू न्हाय.’’ मारलं नाही, कोंबडा केला नाही, एवढंच बोलून तुम्ही फळ्याकडं वळलात. मला वाटलं होतं हा धडा मी गिरवून संपवलाय. बावीस वर्षं नोकरी झाल्यावर, सरकारी प्रशिक्षण घेऊन, मी पुन्हा तेच केलं होतं.

आता तुम्हाला तुमचीच गोष्ट सांगते, कारण तुम्ही तिला कधी गोष्ट समजलाच नाहीत. भूकंप झाला तेव्हा मी सातवीत. आपलं गाव सपाट झालं नाही. खालच्या अंगाची गावं गेली, आपल्याकडं भिंती पडल्या, मातीची माळवदं खचली, माणसं वाचली. आमच्या घराच्या दाराची चौकट वाकली आणि आतली कडी अडकून बसली. आई आणि मी आत, चुलते बाहेरून दार तोडतायत, मी कडी ओढतेय, ती खडखडतेय आणि निघत नाही. शेवटी दार फुटलं. बाहेर आलो तर कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, म्हणून आमच्या घरात तो विषय तिथंच मिटला. शाळेची दगडी इमारतही उभी होती. कोपऱ्यात एक चीर पडलेली, पण साहेब येऊन बघून गेले आणि इमारत ठीक आहे म्हणाले. तरी आम्ही आत जायला तयार नव्हतो. कडुलिंबाखाली वर्ग भरायचा. मग थंडी वाढली आणि वर्ग खोलीत भरवा म्हणून वरून कागद आला. बाकीच्या वर्गात पोरांना दंडाला धरून आत नेलं, दोघंतिघं तर शाळा सोडून घरीच बसली.

आणि तुम्ही एकटे आत जाऊन फळ्यापाशी उभे राहता. आम्ही सगळे अंगणात. मध्ये शहाबादी फरश्या, दारापासून फळ्यापर्यंत नऊ. तुम्ही आतूनच ओरडून सांगता, ‘‘ज्याला जितवर वाटतंय तितवर या. पुढं या म्हणून म्या म्हणणार न्हाय. मागं गेलात तर का गेलात म्हणून इचारणार न्हाय.’’ मग हजेरी घेता. नाव पुकारलं की आम्ही ‘हजर’ म्हणायचं नाही. तुम्ही विचारता, ‘‘आज कितवी फरशी?’’ कुणी म्हणतं दुसरी, कुणी उंबरा, कुणी अंगण. तुम्ही हजेरीपत्रकात नावापुढं तसाच आकडा घालता. काल चौथीवर बसलेला आज पहिलीवर आला तर त्याच गंभीरपणानं एक लिहिता. ट्रकचा आवाज झाला की सगळा वर्ग दाराकडं सरकतो, तुम्ही खडू हातात धरून थांबता आणि मग पुढचं वाक्य लिहिता. दिवाळी झाली, संक्रांत आली, तोवर निम्मा वर्ग सहाव्या सातव्या फरशीवर गेला होता. एकटी मी उंबऱ्यावर.

एक दिवस शाळा सुटल्यावर तुम्ही माझ्याशेजारी उंबऱ्यावर येऊन बसलात. काही विचारलं नाही, पायातला काटा काढत बसलात. मग मीच बोलले. ‘‘गुरुजी, दार लागलं आन् कडी निघंना झाली तर?’’ तुम्ही हसला नाहीत. छत पडत नाही, दार लागत नाही, असलं काही म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी घरून पकड आणि हातोडा घेऊन आलात आणि सगळ्या वर्गासमोर दाराची कडी उपसून काढलीत. वीतभर लोखंडी कडी, खिळ्याच्या भोकांसकट. ती माझ्या हातात दिलीत. ‘‘ही तुझ्या दप्तरात ऱ्हाईल. कडीच तुझ्याकडं म्हणल्यावर दार लावणार कोण? तुझी भीती गेली की मला आणून दे, मग बसवू.’’ त्या दिवशी मी पहिल्या फरशीवर बसले. पुढं महिनाभरानं विस्तार अधिकारी आले. शासकीय मालमत्ता कुठं गेली म्हणून त्यांनी तुम्हाला झापलं. तुम्ही म्हणालात, ‘‘साहेब, एका जबाबदार इसमाच्या ताब्यात हाय.’’ मी तिसऱ्या फरशीवर दप्तर पोटाशी धरून बसले होते. जबाबदार इसम म्हणजे मी, हे कळून मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी मी पाचवीवर गेले.

मी दहावीत असताना तुमची बदली येरमाळ्याकडं झाली. जायच्या आधी तुम्ही हायस्कुलात मला भेटायला आलात आणि हसत विचारलंत, ‘‘काय जबाबदार इसम, आमची कडी?’’ मी सांगितलं, ‘‘गुरुजी, हरवली.’’ तुमचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. ‘‘हरवली? लई बेस झालं! भीती होती तवर जपून ठिवलीस. भीती गेली आन् कडी हरवली.’’ तुम्ही ती गोष्ट पुढं पुष्कळांना सांगायचात, असं मला नंतर कळलं. माझी एक पोरगी कडी हरवून बसली, म्हणून कौतुकानं सांगायचात. हे सगळं मला त्या रिकाम्या पेटीपाशी आठवलं, आणि शाळा सुटल्यावर मी सरळ त्या मुलीच्या घरी गेले.

आई चुलीपाशी भाकरी करत होती. आतल्या खोलीत थोरली बहीण भिंतीकडं तोंड करून पडलेली. तिला डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लासला ठेवलं होतं. दोनदा परीक्षा दिली, निघाली नाही, आता वर्ष झालं घरात आहे आणि कुणाशी बोलत नाही. ‘‘आता आमची समदी भिस्त धाकटीवर, बाई,’’ आई म्हणाली, ‘‘आन् आता हिलाबी काय झालंय कळंना. खातीपिती हाय, हुशार हाय. शाळेचं नाव काढलं की घाम फुटतोय.’’ धाकटी दाराआड उभी होती. आत जाऊन तिला समजवावं असं फार वाटलं, सल्ले तर जिभेवर रांग लावून उभे होते. मी उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, ‘‘माझं चुकलं. तू सांगितलं नव्हतंस, ते मी चारचौघांत बोलले. तुझी मी माफी मागते.’’ चुलीपाशी भाकरी करपल्याचा वास आला, कारण शिक्षिकेनं माफी मागितलेली त्या घरानं कधी बघितली नसावी. मी पुढं म्हणाले, ‘‘वर्गात ये म्हणत नाही. दारापर्यंत ये. तिथनं वाटलं तर परत जा. कुणी विचारणार नाही, ते माझ्याकडं लागलं.’’ आईनं मला चहा दिला, तो मी तिथंच उंबऱ्यावर बसून प्यायले.

सोमवारी ती आली. दप्तर पाठीवर, वर्गाच्या दारात. चाळीस डोकी वळून तिच्याकडं बघायला लागली. मी हजेरी घेत होते. तिचं नाव आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘आज कितवी फरशी?’’ तिला काही कळलं नाही, वर्गाला तर नाहीच. मग मी पुस्तक मिटलं आणि तुमची गोष्ट सांगितली. भूकंप, लिंब, नऊ फरश्या, कडी, सगळं. आमच्या वर्गात बारा फरश्या आहेत, ते पोरांनीच तिथल्या तिथं मोजून सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. मी ‘उंबरा’ असं लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं. पुढच्याच नावाचा पोरगा, सहा फूट वाढलेला, कधी कुणाला दाद न देणारा, म्हणाला, ‘‘बाई, म्या हितंच बाकावर हाय, पण आज आतनं दोनच.’’ कुणी हसलं नाही. तो तक्ता अजून भिंतीवर आहे, गुरुजी, पण आता गुरुवारी चेहरे कुणी दाखवत नाही. फरशी सांगतात. आकडा सांगितला की कारण विचारायचं नाही, हा नियम पोरांनी केला. आणि कुणी सलग तीनदा अंगण म्हटलं तर बाईंनी त्याच्याशेजारी जाऊन बसायचं, हाही त्यांनीच.

राहता राहिली पेटी. मी वर्गासमोर कबूल केलं, की अक्षर मला ओळखू येतं, त्याला माझा इलाज नाही, तर पेटी बंद करू या का? पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत पोर म्हणाली, ‘‘बंद कशाला? डाव्या हातानं लिहू की. तुमाला काय, आमालाबी वळखायचं न्हाय.’’ मागून वर्गातला एकुलता एक डावखुरा ओरडला, ‘‘मग म्या उजव्यानं!’’ वर्ग खो खो हसला. मी एकच अट घातली आणि ती आधीच सांगून टाकली. कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही, घरी आणि डॉक्टरांना सांगणारच, ते मला माफ करा. ती त्यांनी मान्य केली. आता पेटीतून कोंबडीनं नाचावं तसली अक्षरं निघतात, एक एक चिठ्ठी वाचायला मला दहा मिनिटं लागतात, आणि पेटी कधी रिकामी नसते.

ती मुलगी दोन महिन्यांनी सहाव्या फरशीवर पोचली. तिथं असताना एक दिवस तिनं आपणहून सांगितलं. बहिणीसारखं माझंही होईल असं वाटतं, पुस्तक उघडलं की ती भिंतीकडं तोंड करून पडलेली दिसते. मी ऐकलं. फक्त ऐकलं, तोंड मिटून, जीभ दाताखाली धरून. मग तिला विचारून तिच्या आईशी बोलले, आणि तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या बाई आहेत त्यांच्याकडं आम्ही तिघी गेलो. तिसऱ्या खेपेला थोरलीही आमच्यासोबत एसटीत बसली. आत गेली नाही, बाहेरच्या बाकावर बसून राहिली. घरातून निघून बाकापर्यंत आली, म्हणजे तिची ती पहिली फरशी झाली. चौथ्या खेपेला ती आत गेली. सहामाहीत धाकटीचा नंबर तिसरा आला. घरी येऊन तिनं तो हसत सांगितला, असं तिच्या आईनं मला फोन करून कळवलं. तिसऱ्या नंबरासाठी आलेला एवढ्या आनंदाचा फोन मी नोकरीत पहिल्यांदाच घेतला.

आणि गेल्या गुरुवारी, नवव्या फरशीवर बसून, तिनं मला विचारलं, ‘‘बाई, मग तुमची भीती पुरी गेली का?’’ मी म्हणाले, ‘‘गेली की.’’ ‘‘आन् कडी?’’ ‘‘हरवली.’’ तिनं माझ्या खुर्चीकडं बघितलं. मग दाराकडं. अगदी मायेनं, मला कुठं लागू नये अशा आवाजात म्हणाली, ‘‘तुमी खुर्ची दारातच टाकता की, बाई.’’ मी म्हणाले, ‘‘तिथं वारा लागतो.’’ ती बरं म्हणाली. तिनं पुढं काही विचारलं नाही, कारण आकडा सांगितला की कारण विचारायचं नाही, हा नियम तिला पाठ आहे. बघितलं म्हणून ते आपलं होत नाही, हे तिला मी न शिकवताच कळलं होतं.

म्हणून हे पत्र. पेटीत टाकावं असंही मनात आलं, पण पेटी उघडणारी मीच. तुमचा पत्ता तर कुणाकडंच नाही. तेव्हा हे इथंच वहीत राहील. येत्या गुरुवारी तिला खरं सांगणार आहे, वर्गासमोर सांगायचं की एकटीला, ते तिथल्या तिथं बघू. पण पहिला हक्क तुमचा. तुम्ही एवढ्या कौतुकानं लोकांना सांगत फिरलात, तो आनंद मोडायचं माझ्या जिवावर आलंय, आणि माझं अक्षर तर तुम्हीच वळण लावून दिलेलं, दुरून ओळखाल. म्हणून पुढच्या ओळी डाव्या हातानं लिहिते. वाचायला वेळ लागेल, सांभाळून घ्या.

गुरुजी, कडी हरवली नव्हती. माझ्या पर्समध्ये आहे. रोज असते.

आज तिसरी फरशी.